खाकरलं की बाजूला व्हायचं

पुष्पा: हा तांब्या सकाळी भरलेला तसाच आहे, काका. घोटभर पण कमी झालेलं नाही.

देवजी: प्यालो की. सुनेने परत भरला असेल.

पुष्पा: भरलास, चंद्रिका?

चंद्रिका: नाही, ताई. हे कामाला जाताना भरून ठेवतात, तोच आहे.

पुष्पा: बघा. पंधरा वर्षं आशाचं काम करतेय मी या गावात, माझ्याशी नका खोटं बोलू. जीभ दाखवा. अजून बाहेर काढा. चामड्यासारखी कोरडी झालीय. आणि ते सकाळचं भांडं पण मी बघितलं, लघवी काळ्या चहासारखी. ऑपरेशन होऊन आज नववा दिवस. खुब्याचा गोळा बदललाय तुमचा, पायातला काटा नाही काढला. डॉक्टरांनी घरी सोडताना काय काय सांगितलं?

देवजी: खाली बसायचं नाय. वाकायचं नाय. पायावर पाय टाकायचा नाय. झोपताना मांड्यांमधी उशी.

पुष्पा: आणि?

देवजी: आणि पाणी.

पुष्पा: किती?

देवजी: ते म्हणाले अडीच-तीन लिटर. एवढं पाणी मी भाताला पण देत नाय.

पुष्पा: मस्करी नको. मे महिना आहे, नुसतं बसून घाम येतोय. पाणी कमी पडलं तर पायात रक्ताची गाठ होते. ती गाठ होऊ नये म्हणूनच ती छोटी गोळी चालू आहे. का नाही पीत?

देवजी: तहान नाय लागत.

चंद्रिका: रात्री लागते.

पुष्पा: म्हणजे?

चंद्रिका: हे आठ वाजता कंपनीतून आले की बाबा तांब्याभर एकदम पितात. दिवसभर नाही.

पुष्पा: अच्छा. सुरज घरात आला की तहान लागते. सुरज त्या खुर्चीवर बसवतो म्हणून.

देवजी: सगळं बोललंच पाहिजे का तुला?

पुष्पा: बोललंच पाहिजे. तुमच्या पोराने एवढी चांगली प्लास्टिकची खुर्ची मधे कापली, खाली बादली लावली, खाटेखाली विटा घातल्या उंची हवी म्हणून. कशाला केलं त्याने? तो सकाळी सातला जातो, आठला येतो. तेरा तास धरून ठेवणार तुम्ही?

देवजी: प्यालोच नाय तर धरायचं काय?

पुष्पा: सून आहे ना घरात.

देवजी: सून आहे म्हणूनच.

पुष्पा: काका…

देवजी: काका काय? बारा वर्षं झाली तिच्या लग्नाला. तिच्यासमोर कधी सदरा काढून बसलो नाय मी. ती जेवायला वाढून ठेवणार, जिजा आणून देणार. काय पाहिजे तर मी जिजाला सांगणार, जिजा तिला सांगणार. तिला काय सांगायचं असलं तर तसंच. आता तिने माझं धोतर सोडायचं?

पुष्पा: जिजाकाकी जाऊन आठ महिने झाले.

देवजी: माहीत आहे मला किती झाले.

पुष्पा: सुरजला घरी ठेवायचं मग? परवा रस्त्यात भेटला होता. म्हणाला, सुपरवायझरने सांगितलंय, आणखी सुट्टी घेतलीस तर येऊच नको. म्हणाला, बाबा माझ्याशी पण बोलत नाहीत, मी काय करू ते तूच सांग ताई. मोठा माणूस, डोळे पुसत होता.

देवजी: त्याला सांग, माझं चाललंय.

चंद्रिका: ताई, त्यांना विचारा, आज सकाळी वॉकर दारात आडवा कसा पडला होता.

पुष्पा: तूच विचार. मी काय पोस्टमन आहे?

चंद्रिका: विचारा ना.

देवजी: तिला सांग, पडलो नाय. उठायला गेलो, वॉकर सरकला. परत बसलो खाटेवर.

पुष्पा: एकटे उठलात? गोळा निसटला असता तर पुन्हा टेबलावर घेतलं असतं तुम्हाला. आणि दुसऱ्या खेपेला पहिल्यासारखं होत नाही, हे पण सांगितलंय त्यांनी. बांधावरून पडलात ते पुरे नाही झालं? हाक मारता येत नाही?

देवजी: मारली.

पुष्पा: काय म्हणून मारली?

देवजी: खाकरलो. तीनदा खाकरलो. ती मागच्या दाराने निघून गेली. मी म्हटलं, तिला पण लाज वाटत असेल. तिचं काय चुकलं.

चंद्रिका: खाकरले म्हणूनच तर गेले मी.

पुष्पा: काय?

चंद्रिका: आमच्या घरात तसंच आहे, ताई. लग्न होऊन आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी आईंनी सांगितलं, ओटीवर खाकरलेलं ऐकलं की समजायचं, सासरा आत येतोय, आपण मागच्या दाराने बाहेर व्हायचं. सकाळी खाकरले, मला वाटलं कपडे सारखे करायचे असतील. मी पडवीत गेले. परत खाकरले. म्हटलं, मी अजून जवळच आहे बहुतेक. मग विहिरीवर जाऊन उभी राहिले.

पुष्पा: एक जण बोलावतोय आणि एक जण लांब लांब जातेय. काय करू मी तुम्हा दोघांचं? हसू की कपाळाला हात लावू? ऐका आता. काकड्याच्या सुनेचे दिवस भरलेत, तिचं बीपी बघायला जायचं आहे मला. पाच वाजता परत येते. तोपर्यंत हा तांब्या दोनदा रिकामा झाला पाहिजे. नाही झाला तर मी गाडी बोलावणार आणि दवाखान्यात टाकणार. तिथे नळी लावतील. आणि ती नळी लावणारी नर्स तुमची सून नसेल, तुमच्या ओळखीची पण नसेल. बसा विचार करत.

(पुष्पा जाते.)

देवजी: चंद्रिका.

चंद्रिका: हो.

देवजी: आहेस ना तिथे?

चंद्रिका: दारात आहे, बाबा. पाणी देऊ?

देवजी: थांब. एक विचारायचं आहे. जिजा आजारी होती तेव्हाचं.

चंद्रिका: विचारा.

देवजी: आतल्या खोलीत होती ती. बावीस दिवस.

चंद्रिका: हो.

देवजी: तेव्हा पण मी खाकरायचो. संध्याकाळी, ओटीवरून.

चंद्रिका: रोज.

देवजी: मग तू कुठे जायचीस?

चंद्रिका: मागे.

देवजी: मागच्या दाराने?

चंद्रिका: हो. तुम्ही आत येऊन आईंजवळ बसाल म्हणून. भांडी घेऊन जायचे मागे. घासून झाली की परत घासायचे. अर्धा तास तरी काढायचे तिकडे. नवरा-बायकोला काही बोलायचं असेल, मधे सून कशाला.

देवजी: मी आत येत नव्हतो.

चंद्रिका: कधी?

देवजी: कधीच नाय. सकाळी सुरज असला की उंबऱ्यातून बघून जायचो. जवळ नाय बसलो. संध्याकाळी खाकरायचो ते तुला बाहेर बोलवायला. मी खाकरलो की जिजा बाहेर यायची, तशी तू येशील म्हणून. तू तिला धुवत पुसत असशील, मी आत कसा येणार? म्हटलं, ऐकून बाहेर येशील, सांगशील, आज दोन घास खाल्ले, आज झोपली. कोणी यायचं नाय. मी समजायचो, झोप लागली असेल. तिथेच बसून तंबाखू मळायचो.

चंद्रिका: म्हणजे तेव्हा त्यांच्याजवळ कोणीच नव्हतं.

देवजी: नाय.

चंद्रिका: अर्धा अर्धा तास.

देवजी: रोज.

चंद्रिका: पण आई तर म्हणायच्या…

देवजी: काय म्हणायची?

चंद्रिका: काही नाही. तुम्ही आधी पाणी प्या.

देवजी: काय म्हणायची ते सांग.

चंद्रिका: मी परत आत आले की विचारायचे, बाबा आले होते का. म्हणायच्या, आले होते की, बसून गेले.

देवजी: बसून गेले, असं म्हणाली?

चंद्रिका: हो. एकदा म्हणाल्या, आज पाय दाबले माझे.

देवजी: मी?

चंद्रिका: मला खरंच वाटलं. मी रात्री ह्यांना पण सांगितलं, म्हटलं, बाबा वरून कडक दिसतात, पण आईंचे पाय दाबतात. तुम्ही कधी दाबले का माझे? ह्यांनाही पटलं नाही. म्हणाले, आमचा बाप? शक्य नाही. मीच भांडले, आई कशाला खोटं बोलतील.

देवजी: तुला खरं सांगतो. कोणी बाहेर आलं नाय, की मला बरं वाटायचं. सांगायला कोणी आलं नाय म्हणजे ऐकायला पण नको. काविळीने कशी झाली होती ती. भाताचा भारा एकटी डोक्यावर घेणारी बाई, तिचे हात बघितलेस ना? मला बघवत नव्हतं. ओटीवरून तिच्या अंथरुणापर्यंत सात-आठ पावलं. तेव्हा तर पाय धड होता माझा.

चंद्रिका: बाबा, त्यांना कळलं होतं.

देवजी: काय कळलं होतं?

चंद्रिका: तुम्ही खाकरताय ते त्यांना ऐकू येत होतं. मी उठून मागे जाते ते दिसत होतं. काय चुकतंय ते त्यांना कळलं नसेल? मला मागे जायला शिकवलेलं त्यांनीच, आणि तुम्ही खाकरलात की बाहेर येणाऱ्या पण त्याच.

देवजी: मग तुला थांबवलं का नाय? थांब, म्हणायचं. जा, त्याला बोलाव, म्हणायचं.

चंद्रिका: काय माहीत. रोज वाटत असेल, आज येतील.

देवजी: (चादरीने तोंड पुसतो.)

चंद्रिका: बोलायला नको होतं मी.

देवजी: नाय. बरं केलंस. तांब्या दे इकडे.

चंद्रिका: सावकाश. एकदम नका पिऊ, ठसका लागेल. मान वर करते थोडी. हात लावते हां.

देवजी: लाव.

चंद्रिका: आणखी?

देवजी: हो. मग लागेल मला.

चंद्रिका: लागू दे. मी आहे. चादर कमरेला गुंडाळून ठेवते, खुर्चीवर बसवते आणि तोंड तिकडे करून उभी राहते. आईंचं सगळं मीच केलं. पहिले दोन दिवस त्या पण लाजल्या होत्या. मला म्हणाल्या, दिवा लांब ठेव.

देवजी: मग?

चंद्रिका: मग तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, दिवा जवळ आण, तुला नीट दिसत नसेल.

देवजी: तुला बोलवायचं कसं? खाकरायचं नाय, तर दुसरं मला येत नाय काही.

चंद्रिका: मघाशी नाव घेतलंत तसं.

देवजी: बरं. संध्याकाळी सुरजला आपण हे सांगायचं नाय. त्याच्या आईचं.

चंद्रिका: नाही सांगणार.

देवजी: आणखी काय बोललो मी?

चंद्रिका: कोणाशी?

देवजी: जिजाशी. तू मागे भांडी घासत होतीस तेव्हा. तुला सांगितलं असेल तिने.

चंद्रिका: खरंच सांगू?

देवजी: सांग. तिने सांगितलं तसंच सांग. पदरचं काही घालू नको.

चंद्रिका: एकदा म्हणाल्या, खालच्या शेतातलं भात पोटरीला आलं, असं सांगत होते.

देवजी: आलं होतं. त्याच आठवड्यात आलं होतं. तिला कोणी सांगितलं नव्हतं ते.

चंद्रिका: एकदा म्हणाल्या, गाय दूध कमी देते म्हणून चिडले होते.

देवजी: चिडलो म्हणाली?

चंद्रिका: हो. मी म्हटलं, आजारी माणसासमोर कशाला चिडायचं. तर म्हणाल्या, चिडू दे, नाही चिडले तर मला करमत नाही.

देवजी: आणि?

चंद्रिका: एकदा म्हणाल्या, बरी झाले की वरोरला नेणार आहेत. बोटींतून मासळी उतरवतात ते बघायचं आहे मला, म्हणाल्या. बांगडे आणू, तू कालवण कर.

देवजी: वरोर. तास-दीड तासाचा रस्ता नाय इथून. चाळीस वर्षांत एकदा नाय नेलं.

चंद्रिका: त्या दिवशी खूश होत्या. पेज पूर्ण प्यायल्या.

देवजी: आणि शेवटच्या संध्याकाळी? तेव्हा पण मी खाकरलो होतो. मला आठवतंय.

चंद्रिका: हो. मी मागे गेले होते.

देवजी: परत आल्यावर विचारलंस?

चंद्रिका: विचारलं. आवाज बसला होता त्यांचा, कान तोंडाजवळ न्यावा लागला.

देवजी: काय बोललो मी?

चंद्रिका: काही बोलला नाहीत, म्हणाल्या. नुसते बसला होतात. बराच वेळ.