कडुलिंबामागची जिलबी

अगं, उठू नकोस, बस — फक्त पाय जरा वर घे. तुझ्या बुटाखाली वेफर्सचं पाकीट आहे. तुझं नाही, माहितेय मला, प्रत्येक जण तेच म्हणतो. हां, आलं हातात. आई गं! — काही नाही, गुडघा. अधूनमधून बोलतो तो. हे होय? याला प्लॉगिंग म्हणतात. धावायचं, आणि धावता धावता कचरा उचलायचा. मी धावत नाही, चालते. साडी नेसून उचलला तर लोक म्हणतात बिचारी, ट्रॅकपँट घालून उचलला की फोटो काढतात.

एकटी का? होता ना ग्रुप! वर्तकनगरचा आमचा अख्खा ग्रुप होता, टी-शर्टसकट. आमच्याच सोसायटीतली ऋजुता — घोडबंदरला कुठल्याशा कंपनीत आहे — ती चालवते. 'आसावरीकाकू, कमरेतून वाकू नका, स्क्वॉट करा, स्क्वॉट!' अगं, एक गुटख्याची पुडी उचलायला मी देवासमोर कधी घातलं नाही एवढं लोटांगण घालायचे. मग सोडला ग्रुप. गुडघ्यामुळे — काय बघतेस अशी? बरं, नाही गुडघ्यामुळे. काढलं मला. अ‍ॅडमिन होते मी, तरी काढलं!

सांगते, आता विचारलंच आहेस तर. तलावाच्या पलीकडे तो कडुलिंब दिसतो? त्याच्यामागे कठडा आहे. तिथे रोज सकाळी जिलबीचा कागद सापडायचा. रोज! पाकाने ओला, नीट घड्या घालून दगडाखाली खोचलेला — मला तर त्या घड्यांचाच राग यायचा. म्हणजे माणूस शिस्तीचा आहे, शिकलेला आहे, पण कचऱ्याच्या डब्यापर्यंत जायला पाय मोडतात! सगळ्यांत जास्त पेटलेली मीच. म्हटलं, याच्या घरी बाईमाणूस आहे की नाही? काही वळण लावलं की नाही तिने? — सगळ्यांसमोर म्हटलं गं मी हे. मग ठरलं, रविवारी पकडायचं, व्हिडिओ काढायचा, ग्रुपवर टाकायचा. पुढे कोण जाणार? मी. माझे बूट वाजत नाहीत म्हणून.

गेले. झाडाला वळसा घातला. आणि कठड्यावर कोण बसलंय? आमचे हे! सुधीर! विजेच्या खात्यातून रिटायर झालेले, रक्तात साखर इतकी की रिपोर्ट बघून डॉक्टर आधी माझ्याकडे डोळे वटारतात. मेथीचं पाणी पिऊन, 'फेऱ्या मारून येतो गं' म्हणून घरातून निघालेला हा माणूस डोळे मिटून जिलबी खात होता. आणि चेहरा काय सांगू! आमच्या लग्नात अंतरपाट खाली आला, तेव्हासुद्धा इतका खुलला नव्हता.

माझ्यामागून ऋजुता, तिच्यामागून सगळा ग्रुप, मोबाइल चालू. यांनी डोळे उघडले, मला पाहिलं. आता माणूस काय करेल? लपवेल, पळेल, निदान गिळून तरी टाकेल? यांनी कागद माझ्यापुढे धरला. 'घे ना, गरम आहे.' मी विचारच केला नाही गं — कागद हिसकावला, उरलेल्या सगळ्या जिलब्या तोंडात कोंबल्या, आणि ऋजुता पोचली तेव्हा पाक हनुवटीवरून खाली, थेट टी-शर्टवरच्या 'कचरा करू नका'वर. 'काकू, तुम्ही?' 'ओय.' होय म्हणायचं होतं, पण तोंड भरलेलं. 'रोज तुम्हीच?' 'ओय.' आणि यांनी काय करावं? उठून उभे राहिले, ऋजुताला हात जोडले, म्हणाले, 'मी तर आत्ताच आलो.' आत्ताच!

घरापर्यंत यांच्या दहा पावलं पुढे चालले मी. लिफ्टमध्ये शिरल्यावर म्हटलं, तुमची अब्रू वाचवायला मी जन्माची जिलबीचोर झाले, आणि तुम्ही आत्ताच आलात होय? तर हळूच म्हणाले, 'घरी मी पेशंट असतो, आसावरी. तिथे कठड्यावर थोडा वेळ नुसता सुधीर असतो.'

लागलं मला. — पण मला काय हौस आहे का गं, वाटीने मोजून पोहे द्यायची? गेल्या वर्षी हे बाथरूममध्ये भोवळ येऊन पडले. आतून कडी. मी हाका मारतेय, आणि आतून नुसता नळाचा आवाज. शेजारचा राजरत्न धावत आला, त्याने दार फोडलं, तोवर मी देवाला काय काय कबूल केलं असेल — जाऊ दे ते. तेव्हापासून हे आंघोळीला गेले की मी दाराशी उभी राहून विचारते, अहो, काल भेंडी काय भावाने आणलीत? मला भाव कशाला हवाय, भाजी मीच आणते! आतून ओरडतात, 'मला काय माहीत!' की झालं, मी गॅसकडे जायला मोकळी. हे कधी सांगितलं नव्हतं त्यांना. त्या दिवशी लिफ्टमध्ये सांगितलं. लिफ्ट वर गेली, कुणी तरी खाली बोलावली, परत वर गेली — आम्ही आपले आतच.

आता दोघं येतो. हे त्या बाजूने, मी या बाजूने, मध्ये भेटायचं. जिलबी फक्त रविवारी, एकच, अर्धी अर्धी. ग्रुपला खरं? नाही सांगितलं. हे रोज म्हणतात, मी जाऊन सांगतो, मीच अडवते. ऋजुता सगळ्यांना म्हणते ना, 'काकूंना समजून घ्या, त्यांना स्ट्रेस असेल.' अगं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणी तरी समजून घेतंय, ते कशाला घालवू?

ते बघ, निळा टी-शर्ट, तेच. वाकलेत. बाटली बिटली असेल — थांब, बोलू नकोस जरा. अजून वाकलेलेच आहेत का? तुझी नजर तरुण आहे, बघ ना नीट. झाडाआड आहेत? हलतायत ना?

हां. उठले.

जा गं तू आता. किती बोलायला लावतेस! ऊठ, पळ.