सुटलेल्यांचा फळा

...आणि विश्वास कुणाचा बसला? कुणाचाच नाही. घरातल्यांचा नाही, धक्क्यावरच्यांचा नाही, नणंदबाईंचा तर नाहीच. त्यांचा माझ्यावर लग्नाच्या दिवसापासून बसलेला नाही, तो आता एका माशासाठी कशाला बसेल? पण तुम्हाला सांगते, मासा होता. मी पाहिला आणि शुद्धीत पाहिला. केवढा? हा माझा हात बघा, इथपासून... नाही, हसू नका. आधी हसायचं आणि मग ऐकायचं, ही रीत मला चांगली ठाऊक आहे. अठरा वर्षं मीच ती चालवली.

कारण आमचे हे. हे बस चालवायचे, आणि सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन समुद्राच्या धक्क्यावर. सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे, पॅंट गुडघ्यापर्यंत ओली, पिशवी कोरडी. दारातूनच दोन्ही हात पसरून, "अगं, आज एवढा लागला होता. सुटला." मी शिलाई करते हो, शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, मशीन बाहेरच्याच खोलीत. मी पाय थांबवायची नाही की मान वर करायची नाही. "हो का? मग आता घरी पोचला असेल बिचारा." संपलं. अठरा वर्षं हेच. घरात मासा शिजला की मी समजायची, आज बाजार उघडा होता.

आणि मग हे पडले. बसच्या पायरीवरून. तेही उभ्या बसच्या! तीस वर्षं धावत्या बसमध्ये तोल गेला नाही आणि उभीतून उतरताना खुब्याचं हाड मोडलं. दोन महिने अंथरुणावर. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय, आता चाला." तर हे काय म्हणाले माहीत आहे? "कुठे?" एवढंच. आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

तो एक शब्द माझ्या छातीत असा अडकला, काय सांगू. मी ओरडून पाहिलं, रडून पाहिलं, ताट आपटून पाहिलं. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, त्याला विश्रांती घेऊ द्या." म्हटलं, विश्रांती नव्हे ती, माणूस विझतोय. डॉक्टर मला दाराशी नेऊन म्हणाले, "बाई, अजून महिनाभर असेच पडून राहिले तर नंतर उठायचं म्हटलं तरी पाय ऐकणार नाहीत." महिनाभर! आणि मला तर भाताला दहा मिनिटं उकळी नाही आली तरी चैन पडत नाही.

तेव्हा मी ठरवलं, आपण धक्क्यावर जायचं, मासा धरायचा आणि आणून यांच्या उशाशी ठेवायचा. बघू कसे उठत नाहीत ते. वासानेच उठतील.

कोपऱ्यात यांची काठी होती, सगळं जोडलेलं तयार. तंगूस म्हणजे तो नायलॉनचा दोरा, त्याला शिशाचा गोळा, आणि टोकाला गळ. फक्त गळाशी यांनी मारलेली गाठ जी होती ना, अहो, ती काय गाठ होती? पाच-सहा वेढे, वर गाठोडं, आणि एवढं मोठं टोक लोंबतंय. माझ्याकडे शिकाऊ पोरगीने असं बटण लावलं असतं तर मी तिला दुपारचा चहा दिला नसता. मी कात्री घेतली, ती गाठ उडवली आणि माझी मारली. माझी गाठ म्हणजे, शाळेतल्या पोरांनी एकमेकांना बटणाला धरून वर्षभर ओढलं तरी कापड फाटेल, गाठ हलायची नाही. टोक अगदी मुळाशी कापलं. सुबक. बघत राहावं अशी.

गेले पहाटे. धक्क्यावर सगळे यांचे दोस्त. एक मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. धक्का उंच आहे हो, मोठा मासा दोऱ्याने वर ओढला तर दोराच तुटेल, म्हणून लोखंडी कडीला लावलेली एक जाळी दोरीने खाली सोडून त्यात मासा झेलायचा. ती जाळी मास्तरांच्या ताब्यात. "जाळी" अशी हाक आली की मास्तर धावणार. आणि दुसरा यांच्या शेजारच्या खांबाचा, त्याला सगळे डुलकी म्हणतात. का म्हणतात ते विचारायची गरज पडत नाही, बघितला की कळतं. घडीच्या खुर्चीत बसतो, गळ टाकतो आणि घोरतो.

मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "आपण कोण?"

मी यांचं नाव सांगितलं.

"अच्छा," मास्तर म्हणाले, "म्हणजे आपणच तोफ."

बघा. अठरा वर्षं. अठरा वर्षं हा माणूस घरात "अगं" म्हणतो आणि धक्क्यावर मला तोफ म्हणतो. पण तेव्हा म्हटलं, असू दे, आधी मासा, मग तोफ.

धक्क्याच्या तोंडाशी एक टपरी आहे, तिच्यात एक काळा फळा. तुम्ही म्हणाल सापडलेल्या माशांची नोंद असेल. छे. मास्तर म्हणाले, "सापडलेला मासा स्वतः बोलतो, त्याला फळा कशाला? हा सुटलेल्यांचा." कधी, केवढा, कशामुळे सुटला, असे तीन रकाने. मात्र कुणीतरी शपथेवर सांगणारा पाहिजे, त्याशिवाय खडू मिळत नाही. मी वाचला तो फळा, चौथीपर्यंत शिकलेय मी, वाचायला येतं मला. वारा. खडक. लाट. खेकडा. बोटीचा धक्का. पुन्हा वारा. म्हटलं, अगबाई, इतकी माणसं, इतके मासे, आणि चूक एकाचीही नाही?

मग बसले गळ टाकून. आणि तुम्हाला सांगते, मासे धरणं म्हणजे काय, तर काहीही न करणं. पण ते दिवसभर करायचं! मी कधी काहीही न करता बसलेली नाही हो, मला सवय नाही. माझे पाय आपोआप हलायला लागले, पायाखाली मशीनच नाही. धक्क्याच्या कठड्याचे गज मोजले. परत मोजले, तर एक कमी आला, म्हणून तिसऱ्यांदा मोजले. तंगूस ओढून बघितला. मास्तर लांबून ओरडले, "बाई, सारखं उपसू नका, ती विहीर नाही." सोडला. परत ओढला. घरी हे उठले असतील का, की भिंतीकडेच? नणंदबाईंनी पाय चोळून दिले असतील का? इथे बसून मी काय करतेय? मासा काय माझी वाट बघतोय?

आणि समोर डुलकी. कोटाची बाही खांद्यापाशी उसवलेली. वाऱ्याने फडफड, फडफड. आता तुम्हीच सांगा, माझ्या पदराला सुई कायम टोचलेली, हात रिकामे, आणि दोन हातांवर उसवलेली बाही. मी काय दगडाची आहे? काठी कठड्याला टेकवली, खाली बसले आणि सुई ओवली. माणूस झोपलेला, त्याला काय कळतंय. बाही शिवली. शिवता शिवता दिसलं, खुर्चीचं कापडही फाटलंय, तेही शिवून टाकलं. मग कोटाचा मागचा खालचा काठ. कसं सुरेख झालं म्हणून सांगू. आणि मी दाताने दोरा तोडला, त्याच क्षणी माझी काठी कठड्यावरून अशी सरकली...

धावले. धरली. काठी वाकून नमस्कार करायला लागली! पलीकडून जे काही ओढत होतं ना, ते आमच्या नणंदबाईंसारखं, थांबतच नव्हतं. मी ओढतेय, ते ओढतंय, माझी चप्पल निघाली, मी एका पायावर, आणि मग ते पाण्यावर आलं. उजेडात. पाठ अशी करडी, पोट चांदीसारखं, आणि अंगाने... आमच्या पडद्याचा पन्हा असतो ना, तेवढा. वळला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. एका डोळ्याने. मासा होता हो, मी पाहिला आणि शुद्धीत पाहिला.

मी ओरडले, "जाळी." मास्तर दुसऱ्या टोकाला, जाळीला पडलेलं भोक बांधत बसलेले! आता? भरतीच्या वेळी? शेजारी डुलकी, तो जागा झाला, म्हटलं, देव पावला, साक्षीदार तरी मिळाला. "अहो, बघा, बघा." डुलकी उठला. उठला तर खुर्ची त्याच्याबरोबर उठली. कोटाच्या काठाला लागून. तो गरकन फिरला खुर्ची कुठून लागली बघायला, खुर्ची त्याच्यामागे फिरली, तो अजून फिरला, आणि समुद्राकडे पाठ करून सपशेल तोंडावर.

मी त्याच्याकडे बघितलं, एवढंच, पापणी लवायच्या आत परत वळले, तर काठी सरळ. तंगूस सैल. गेला.

मास्तर आले धापा टाकत. खाली वाकून पाणी बघितलं, मला बघितलं. "खडकात अडकला होता वहिनी. इथे खडक आहे."

"खडक वर आला?"

"भास होतो."

"खडकाने माझ्याकडे डोळा वळवला?"

"ऊन फार आहे," मास्तर म्हणाले.

डुलकीला विचारलं, तो म्हणाला, "मी फक्त खुर्ची पाहिली." फळ्यावर लिहू दिलं का? नाही. साक्षीदार नाही, खडू नाही.

घरी आले. पॅंट नसते मी घालत, नाहीतर तीही गुडघ्यापर्यंत ओली असती. पिशवी कोरडी. आणि दारातच, माझी मलाच लाज वाटली हो, दारातच माझे दोन्ही हात आपोआप पसरले. "अहो, एवढा लागला होता. सुटला."

नणंदबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. हे भिंतीकडे तोंड करून होते, तिकडूनच म्हणाले, "मग आता घरी पोचला असेल बिचारा."

अठरा वर्षं जपून ठेवलं होतं बघा.

मग मात्र माझा बांध फुटला. मास्तरांना शिव्या घातल्या, जाळीच्या भोकाला घातल्या, डुलकीच्या सात पिढ्यांना अंथरुणातून उठवलं, समुद्रालाही सोडलं नाही. तुमचे मित्र असले, तुमचा धक्का असला, मी तुमच्यासाठी गेले आणि मला खडक म्हणतात? बोलता बोलता रडायलाच लागले. आपण रडतोय याचा राग आला म्हणून आणखी रडले.

हे वळले. दोन महिन्यांत पहिल्यांदा, मी न ढकलता. म्हणाले, "तंगूस आण."

काठी दिली. यांनी तंगुसाचं टोक खिडकीच्या उजेडात धरलं, दोन बोटांत फिरवलं. मग उशीवर कोपर टेकवून उठून बसले. बसले, बरं का. शिशाच्या गोळ्याला काहीतरी वाळून चिकटलं होतं, ते नखाने खरवडून काढलं आणि तळहातावर ठेवून माझ्यापुढे केलं. खवला. शर्टाच्या बटणाएवढा, चार भोकंच तेवढी नव्हती.

"खडकाला खवले नसतात," हे म्हणाले. "मासा होता. तू म्हणतेस त्याच्यापेक्षा मोठा होता."

अहो, कान निवले माझे. मी आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्यांदा म्हटलं, "ऐकलंत का नणंदबाई?"

पण यांचं टोकाकडे बघणं काही संपेना. "खडकाने कापला असता तर टोक खरवडलेलं असतं," हे हळूहळू बोलत होते, जुन्या रस्त्यावर बस घालतात तसे. "माशाने तोडला असता तर टोक तुटकं असतं. हे बघ, कसं कुरळं झालंय, डुकराच्या पिलाच्या शेपटीसारखं. हे तुटलेलं नाही. हे गाठीतून सरकून सुटलंय." मग माझ्याकडे बघितलं. "माझी गाठ कुठे गेली?"

मी म्हटलं, चहा टाकू का?

"तंगूस सूत नव्हे गं. तो निसरडा. त्याला वेढे लागतात, थुंकी लावून ओली करून आवळावी लागते, आणि टोक सोडावं लागतं. तू टोक कापलंस?"

"लोंबत होतं," मी म्हटलं.

हे हसले. खुब्याला हात लावून हसले, दुखत होतं तरी हसले, आणि मग हसता हसता थांबून म्हणाले, "माझ्या चपला कुठे आहेत?"

इतके दिवस ज्याची वाट बघत होते तो दुसरा 'कुठे' असा आला. मी चपला आणल्या, पायात घातल्या, काही बोलले नाही. मीसुद्धा कधीकधी काही बोलत नाही.

दहा मिनिटांचा रस्ता, आम्हाला तासभर लागला. एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा नणंदबाईंच्या. मला वाटलं, आता न्याय होणार. मास्तरांचं नाव लागेल, जाळी वेळेवर आणली नाही म्हणून. किंवा डुलकीचं, खुर्ची घेऊन फिरला म्हणून. खवला बघून मास्तरांनी तोच साक्षीदार मानला आणि खडू दिला. मासे धरणारे सगळे भोवती जमले. हे भिंतीला टेकून उभे राहिले, स्वतःच्या पायांवर, आणि सावकाश लिहिलं. कधी: आज. केवढा: आणि तिथे रकाना पुरेना म्हणून नुसती रेघ ओढली, भिंतीपर्यंत.

मग कशामुळे. खडू थांबला. त्या रकान्यात अठरा वर्षांत, मी सांगितलं ना, वारा, खडक, लाट, खेकडा. माणसाचं नाव एकदाही नाही. यांनी माझ्याकडे बघितलं, मी यांच्याकडे. म्हटलं, लिहा काय लिहायचं ते, पाय भरून येतील, लवकर लिहा.

आता कधी गेलात तिकडे तर वाचा. पुसून जाऊ नये म्हणून मास्तरांनी वर दोनदा गिरवलंय. वारा, खडक, लाट, खेकडा, बोटीचा धक्का, पुन्हा वारा... आणि सगळ्यांत खाली, ठसठशीत अक्षरात, तोफ.