खोट्या बहिणीची सही

मथुरा : तुमी जितो माणूस ह्या येड्यांच्या इस्पितळात दडवून ठेवलात, साहेब. जूनच्या नऊ तारखेक तुमच्याच डॉक्टरान लिवल्यान, शंकर बरो आसा, घरी न्या. आज नोव्हेंबर. खंय आसा शंकर?

साहेब : आधी बसा, बाई. आणि जरा मराठीत बोला.

मथुरा : ही मराठीच आसा. आणि मी बसणंय नाय. भायर टेम्पोत आमची तेरा माणसा बसली आसत, ती माझ्या वाट्याचा बसतत.

साहेब : कुठून आलात एवढे?

मथुरा : कुणकेश्वरसून. तळेऱ्याक टायर गेलो, तरी इलाव. रापणीचीच माणसा. आज आमची रापण बंद.

साहेब : रापण म्हणजे ते किनाऱ्यावरून ओढायचं जाळं?

मथुरा : तांच. दोन दोरयो, एकेका दोरीक पंधरा-वीस माणसा. शंकर डाव्या दोरीर, गंगाराम आणि बाबलीच्या मधी. सात वर्सा.

साहेब : हे बघा, डॉक्टरांनी सोडायला सांगितलं, ते खरं. पण पेशंटचा ताबा घ्यायला रक्ताचं माणूस लागतं. त्याचा सख्खा भाऊ रविकांत मुंबईला असतो. त्यानं लेखी कळवलंय, तिथंच राहू द्या, गावात त्याला बघणारं कोणी नाही.

मथुरा : रविकांतान कधी बघल्यान? तुमची भेटीची वही काढा. काढा ना. भावाचा नाव एकदा दाखवा माका.

साहेब : नाही दिसत. तुमचं दिसतंय. अकरा वेळा.

मथुरा : बारा. एकदा तुमच्या शिपायान आत सोडूक नाय, मी गेटाभायरसून हाक मारून परत गेलंय.

साहेब : इथं नात्यापुढे बहीण लिहिलंय. दाखल करतानाच्या फॉर्मवरही तेच, सख्खी बहीण. आणि रविकांत लिहितो, आम्हांला बहीणच नाही. सरकारी कागदावर खोटं लिहिलंत तुम्ही. मी पोलिसांत देऊ शकतो, कळतंय का?

मथुरा : द्या. गेल्या वर्सा पावसात शंकर गळ्याइतक्या पाण्यात जावन उभो होतो. तीन दिस जेवक नाय. आमी तेका हय हाडलाव, तर तुमचो क्लार्क म्हणता, नातेवाईक कोण ता सांगा, नायतर परत न्या. आमची माणसा एकमेकांच्या तोंडाकडे बघूक लागली. माका वाटला, बाईमाणूस बहीण म्हणाला तर कोण इचारणा नाय. केलंय सही. आता पोलिसांक सांगा, खोट्या बहिणीन हाडलो. म्हणजे तो आत इलो तोच खोटो. मगे सोडा तेका.

साहेब : वकिली कुठं शिकलात?

मथुरा : मासळी बाजारात. साहेब, आत घालताना माझी सही खरी आणि भायर काढताना खोटी, ह्या कसा? तो फॉर्म हय द्या. सातवी झालंय मी.

साहेब : घ्या, वाचा.

मथुरा : हय काय छापलेला आसा? 'नातेवाईक अथवा स्नेही.' आणि 'स्नेही'वर रेघ मारलेली. माझी सही निळी. ही लाल रेघ कोणाची?

साहेब : ती ऑफिसची पद्धत आहे. मित्र म्हणून कोणीही येतं, माणूस टाकून जातं.

मथुरा : आणि सख्खे टाकून जाणत नाय? तुमच्या वार्डात भावांनी टाकलेले किती आसत, जरा फिरान बघा. ही रेघ नसती तर माझ्यार खोटा लिवची पाळी इली नसती.

साहेब : बरं, समजा मी सोडला. उद्या परत समुद्रात गेला तर? गोळ्या कोण देणार? जेवण?

मथुरा : जेवाण रापणीच्या वाट्यातला. दुखण्यात माणसाचो वाटो तोडूची आमच्यात रीत नाय. गोळी गंगाराम देतलो, स्वताच्या बायकोपेक्षा तेका घड्याळाचा भय जास्त. आणि दर्याचा म्हणाल तर ती चूक आमची. ऐका. शंकराक आवाज येतत. पयली आमी म्हणायचाव, खोटा आसा, लक्ष देव नको. तो चिडायचो, दोरी सोडून चालू पडायचो. मगे एकदा बाबलीन इचारल्यान, काय म्हणतत रे ते? तेंका सांग, जाळा भायर येवंदेत, मगे काय ता बोला. शंकर हसलो. तेच्यानंतर दोरी सोडूक नाय. पण पावसात रापण बंद असता. जो तो आपल्या घरात. चार म्हयने तेका कोणी इचारूक नाय, काय म्हणतत. फुडल्या वर्सापासून पावसात तो गंगारामाच्या पडवीत बसान जाळी इणतलो. ठरला आमचा.

साहेब : शिपाई, तीन नंबर वॉर्डातल्या शंकरला घेऊन या. त्यालाच विचारतो.

(शंकर येतो. हातात कपड्यांची भरलेली पिशवी.)

साहेब : शंकर, या बाई तुमच्या कोण?

शंकर : कोण नाय.

मथुरा : शंकरा, अरे...

साहेब : बोलू द्या त्यांना.

शंकर : बहीण म्हणान सांग, म्हणाली होती. पण डॉक्टर म्हणतत, खरा तांच सांगायचा. ती शेजारी रवता. आवाज इले की भाऊ म्हणायचो, गप रव. ही इचारता, काय म्हणतत.

साहेब : अजून येतात आवाज?

मथुरा : सांग खरा. भियाव नको.

शंकर : येतत. गोळी घेतली की लांबसून येतत. वयीच्या कुंपणापलीकडे कोण गजाली करतत, तसे.

साहेब : ऐकलंत ना? मी कसा सोडू सांगा.

मथुरा : डॉक्टरांक ह्या म्हायत नव्हता? तेंनी ऐकान लिवला. तुमी न ऐकताच कुलूप घातलात.

साहेब : मला वरून विचारतात, बाई. माझी नोकरी आहे.

मथुरा : वरच्यांक माझा नाव सांगा, पत्त्यासकट. आणि हो कोरो कागद घ्या. तुमच्या सहीन लिवा, 'शंकराक स्नेही कोण नाय.' भायर तेरा माणसांक मी तो वाचून दाखवतंय. नायतर ती लाल रेघ काढा.

साहेब : शंकर, तुम्ही जरा बाहेर थांबा.

शंकर : थांबणंय नाय. पिशवी जूनपासून भरलेली आसा. तुमी भावाक इचारलात, हिका इचारलात. माका जावचा आसा काय, ह्या कोणी इचारूक नाय. आता मी इचारतंय, साहेब. डॉक्टरान तर सोडल्यान. मगे माका धरल्यान कोणी?