हौसाआत्या आणि ओढ्याकाठचा ओला घास

सरका जवळ. ऐका. ही आमच्या हौसाआत्याची गोष्ट. माझ्या बापाची थोरली बहीण. शेळ्या राखाव्यात त्या तिनंच! उगाच फुशारकी नाही मारत, ऐकून तुम्हीच सांगा.

एके दिवशी माळावर एक शेळी व्याली, आणि आत्याला तिथंच दिवस मावळला. पदरात करडू, मागं उपाशी कळप, माळावर चरायला काडी नव्हती ना! निघाली ओढ्याच्या वाटेनं. जवळची ना ती! काळोख असा की आपला हात आपल्याला दिसेना.

आणि पुढं बघते तर काय, त्या काळोखातही लख्ख दिसणारं हिरवंगार रान! कोवळा घास, दवानं चिंब. अरे, दिवसा तिथं नुसता खडक! शेळ्या ओढ घ्यायला लागल्या. तेवढ्यात बाईचा आवाज आला. गोड, अगदी गोड. "हौसाबाई, उपाशी हायती बिचाऱ्या. चरू दे की पोटभर."

आत्या थबकली. उपाशी पोटी ओला घास? पोट फुगून मरतील शेळ्या! ती कशी, रोज आधी वाळला कडबा द्यायची, मग हिरवं, तेही सुकवून, बेतानं. तिनं काठी आडवी धरली. "वाळलं खाल्ल्याबिगर माझ्या शेळ्या हिरव्याला तोंड लावत न्हाईत!"

घास गेला, नि समोर ज्वारीची रास! उपाशी पोटी दाणाही तसलाच घातकी! आत्यानं कळप तसाच पुढं हाकला. पण चंद्री शेळी मघाशीच घासात निसटली होती. आली ती झोकांड्या खात. डावी कूस ढोलासारखी टम्म! धाप लागलेली. खाली बसायला लागली.

आणि आता आवाज कुणाचा? आत्याच्या मेलेल्या आईचा! "पोरी, दमलीय गं ती. आडवी निजव तिला."

डोळे भरून आले हो आत्याचे. पण हात? हात नाही थांबले! "फुगलेली शेळी आडवी निजली की मेली! माझी आय असती तर उभी कर म्हणाली असती!"

चंद्रीचे पुढचे पाय तिनं दरडीवर चढवले. चघळत राहावी म्हणून तोंडात आडवी काडी दिली. कमरेच्या पिशवीत असायचं ते गोडेतेल हळूहळू पाजलं, ठसका लागू न देता. आणि डावी कूस चोळायला लागली. चोळतेय, चोळतेय... मागं पैंजण वाजतायत... मानेवर गार श्वास... आत्या वळली नाही!

चंद्रीनं दिला ढेकर! केवढा मोठा! पाठीमागं किंकाळी उठली, आणि रान नाही, रास नाही, नुसता खडक.

उजाडता आत्या गावात शिरली. सगळा कळप संगं, एक शेळी कमी नाही! साऱ्या गावानं बघितलं.

दुसऱ्या दिवशी तिनंच बाभळीच्या काट्या टाकून ती ओढ्याची वाट बंद केली. अंधार पडल्यावर त्या काट्या ओलांडू नका रे. सोडवायला आता आत्या नाही.