कोल्बीची सगळीच्या सगळी कार्डं

...आणि वर डोरीन मलाच विचारायची, "वेंडेल, तळघर रिकामं कधी होणार?" तुम्हाला सांगतो, बायकोला बेसबॉल कळतो, पण गुंतवणूक? छे! तिची आई कायमची राहायला येणार होती, म्हातारीला जिने चढवत नाहीत, तळघराला अंगणातून सरळ दार... सगळं मान्य! पण तळघरात कोण होतं? कोल्बी स्ट्रॅटन! म्हणजे त्याचा फोटो छापलेली, लोक जमवतात-विकतात ती कार्डं हो. खोक्यांवर खोकी!

हा डावखुरा पोरगा आमच्या ओहायोतल्या गावच्या छोट्या संघात चेंडू फेकायला आला, तेव्हाच मी ताडलं, की उद्या हा मोठ्या लीगमध्ये गेला की याचं पहिल्या वर्षाचं कार्ड सोन्याच्या भावानं जाणार! मग एकदोन कशाला, सगळीच उचलली! आता फेकलेला चेंडू कुठं जाईल हे त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं, एकदा तर हॉट डॉगवाल्याच्या ट्रेमध्ये जाऊन बसला, पण म्हटलं, पोरगा घडतोय! वरच्या संघात गेला, महिन्यात खाली आला... घडतोय! कोपर कापून शिवलं, टक्कल पडलं... घडतोय हो!

कार्डांच्या दुकानातला गस म्हणतो कसा, "अरे येड्या, गावातली सगळी कार्डं तूच नेलीस! लोकांनी त्याचं तोंडच पाहिलं नाही, तर मागणार कोण?" आता हे त्यानं आधी सांगायचं की नाही? तेव्हा बरा हसत हसत पिशव्या भरून देत होता!

गेल्या महिन्यात बातमी आली, कोल्बीनं खेळ सोडला. डोरीन म्हणाली, "घडला एकदाचा!" कचऱ्याची गाडी येणार म्हणून खोकी रस्त्याच्या कडेला मांडली... तेवढ्यात भलताच एक ट्रक थांबला, एक टकला धिप्पाड गडी उतरला. "काका, कोल्बी स्ट्रॅटनचं कार्ड इथं मिळेल असं गस म्हणाला. एकच हवं होतं, आईला द्यायला."

इतक्या वर्षांतलं पहिलं गिऱ्हाईक, आणि ते कोण? खुद्द कोल्बी!

त्यानं एक खोकं उघडलं, दुसरं उघडलं, मग फुटपाथवर फतकल मारून हमसाहमशी रडायलाच लागला. "एवढा विश्वास? माझ्या सख्ख्या बापानं ठेवला नाही हो! काका, मी परत खेळणार!"

"अरे नको बाबा, असं घाईघाईनं..." पण ऐकतोय कोण? डोरीन बाहेर आली, तिला रडका माणूस बघवत नाही, तिनं त्याला आत नेलं, खिम्याचा मीटलोफ वाढला, आणि तो म्हणाला, सरावासाठी गावात राहायला जागा हवी, तर हीच म्हणते, "तळघर आहे की!"

आता सासूबाई आमच्या पलंगावर, आम्ही सोफ्यावर, आणि रोज सकाळी अंगणात उकिडवा बसून त्याचे चेंडू झेलतो कोण? मीच! म्हणजे जे अंगावर येतात ते. बाकीचे शेजाऱ्याच्या काचेवर... तुम्हाला सांगतो, लोक बिचारे नुसती कार्डं सांभाळतात हो. मी आता मूळ प्रतच पोसतोय, आणि तिलाही गिऱ्हाईक नाही!