गावात विहीर नव्हती का?

मुलांनो, आपल्या चर्चच्या गेटवर बसणारे दानियलभाऊ तुम्हाला आठवतील. मागच्या सुट्टीत तुम्ही परदेशातून आला होतात तेव्हा त्यांनी तुम्हाला चिंचा पाडून दिल्या होत्या. ते खरंच कमांडो होते का, असं तुम्ही फोनवर विचारलंत, म्हणून मी त्यांनाच विचारलं. ते बोलले तसं लिहिलं आहे, त्यांची बोली बदललेली नाही.

न्हाई बाई, कमांडो न्हवतो मी. ते आधी लिहा, म्हंजी पोरांचा गैरसमज नको. कमांडो व्हायला गेल्तो, समदं केलं, आन् एका गोष्टीपायी राहिलं. हितं कॉलनीत सगळे कमांडो कमांडो म्हनतात, किती जनांना समजावून सांगू, सोडून दिलं.

आमचं गाव शेवगाव तालुक्यात, ढोरा नदीच्या अंगाला. नदी आपली म्हनायची, पावसाळ्यात थोडं पानी, बाकी वर्षभर वाळू. आमची वस्ती गावकुसाच्या भाईर. आज्याच्या काळात मिशनची मानसं आली, आमी ख्रिस्ती झालो, शाळा झाली, प्रार्थना झाली, नावं बदलली, पर काय सांगू तुमाला, आमी ख्रिस्ती झालो म्हनून पाटलाची विहीर काय ख्रिस्ती झाली न्हवती. आई घागर घेऊन काठापासून लांब उभी ऱ्हायची. कुना बाईला दया आली तर ती वरून ओतायची, तिची घागर आमच्या घागरीला लागू न देता. तेवढं बरोबर जमायचं बायांना, सवय हुती. आन् त्याच विहिरीत गावातली पोरं उन्हाळ्यात मुटके मारायची. पाठीला सुका भोपळा बांधायचा, थोरला भाऊ वरून ढकलायचा, पोरगं बुडतंय, वर येतंय, रडतंय, आन् आठवडाभरात त्याचा मासा झालेला. आमी लांब बाभळीखाली शेरडं राखीत बसायचो. आमाला नुसता आवाज यायचा, धबाक, धबाक. पाटलाचा दिगू माझ्या वर्गात, माझ्याच शेजारी बसायचा, पर विहिरीवर गेला की तो पाटलाचा.

नगरच्या भरतीत उंची बसली, छाती बसली, पळालो बी चांगला, घेतलं मला. पलटनीत गेल्यावर पहिल्यांदा बगितलं, नळाखाली कोनीबी हात धरतो. लंगरात, म्हंजी जेवनघरात, पान्याच्या एका हंड्यात सगळे आपापला मग बुडवतात. मला सवयच हुईना, मी आपला मागं उभा. आमचा हवालदार वरडायचा, ओ मराठा, पानी का भी न्योता चाहिए क्या. महाराष्ट्रातनं आलेला म्हंजी त्यांच्या तोंडी मराठा. मी बी कवा न्हाई म्हनलो न्हाई.

एकाहत्तरची लढाई झाली तवा आमची पलटन मागं, पुलावर पहाऱ्याला. एक गोळी झाडली न्हाई. लई जीव जळला. लढाईनंतर कमांडोवाले आले, म्हनले कोन येतो, मी हात वर केला. त्यांची ती मरून रंगाची टोपी मला लई आवडायची. आन् मला असं वाटायचं बाई, ती टोपी डोक्यावर घालून गावातनं चालत गेलो तर कोन काय म्हनेल. कोनी काय म्हनलं असतं का, ते मला आजपतूर म्हाईत न्हाई.

राजस्थानात नेलं, वाळवंटात. पाठीवर पिट्टू, त्यात वाळूच भरलेली, हातात रायफल, आन् वाळूतच पळायचं. वाळू पाय धरती, सोडत न्हाई. इमानातनं छत्री घेऊन उड्या मारल्या, त्या बी मारल्या. लोकांना वाटतं कमांडो म्हंजी मारामारी. तिथं शिकवतात ते समदं कमी करायला, बोलनं कमी, झोप कमी, पानी कमी. चार-पाच जनांची टोळी असायची. निघायच्या आधी उस्ताद, म्हंजी आमचा शिकवनारा, पंजाबी सुभेदार, एकेकाला जागेवर उड्या मारायला लावायचा. कुठं खळखळ आली की सामान खाली, परत बांध. बक्कल कापडात गुंडाळायचं, चमचा कापडात गुंडाळायचा, पान्याची बाटली एक तर पुरी भरलेली न्हाईतर पुरी रिकामी, कारन अर्धी बाटली बोलती. रात्री चांदन्यांवर दिशा धरायची, पुढच्याच्या पाठीवर हात, मूठ दाखवली की थांब, पंजा दाखवला की बस. शेवटचा मानूस झुडूप वढत यायचा, पावलं पुसायला. दिवस उगवला की जाळी अंगावर घेऊन झुडपाखाली पडायचं, दिवसभर, मुंग्या चावू देत, हलायचं न्हाई. उंटवाले जवळनं गानं म्हनत जायचे, त्यांना पत्ता न्हाई. उस्ताद म्हनायचा, दुश्मनाचं ठानं उडवून कोनी बगायच्या आत परत येनं हेच तुमचं काम, तिथंच मरून पडायला तुमच्यावर एवढा खर्च कशाला करायचा.

आन् पानी. बाटली आपल्याच कमरेला, पर हुकमाबिगर झाकन उघडायचं न्हाई. पंजाबची, हिमाचलची दांडगी पोरं, दूध पिऊन वाढलेली, दुपार झाली की डोळे पांढरे करायची. एक जन तर रडला. मला काय वाटायचंच न्हाई बाई. दुसरं कोनी म्हनेल तवा प्यायचं, हे मी लहानपनापासून करत आल्तो. उस्तादानं माझं नाव ऊंट ठेवलं. सगळ्यांना सांगायचा, इस ऊंट को देखो. मला त्या नावाचा लई अभिमान हुता.

मग तलाव आला. उंच लाकडी माचान, खाली काळं पानी, अंगावर ड्रेस, पायात बूट. उडी मारायची आन् पलीकडच्या दोराला जाऊन धरायचं. हुकूम आला, मी उडी मारली. हुकमाला मी कवा मागं सरलो न्हाई. वर आलोच न्हाई. बांबू घालून काढला मला. उस्ताद उकिडवा बसला समोर, म्हनला, ऊंट, गाँव में कुआँ नहीं था? मी म्हनलो, था साब. म्हनला, फिर? आजूबाजूला पोरं हसत हुती, नदीकाठची केरळची पोरं, कुत्र्यावानी पवनारी. काय सांगू तिथं? ओ मराठा म्हनत हुते ते मला. आमी गावकुसाच्या भाईरचे, हे एकदा बोललं की लंगरात कोन कसा मग बुडवील, कुनाला ठावं.

सगळ्या टोळीला सुट्टी मिळाली तवा उस्तादानं मला सांगितलं, घरी जा, पवायला शिकून ये, परत माचानावर चढवीन, न्हाई जमलं तर बिस्तरा बांध, तुझ्या पलटनीत परत.

आन् मी घरी आलो कवा, तर त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. तुमाला म्हाईतच हाय, बहात्तरचा पाऊस गेला आन् त्याच्यावरचा हा उन्हाळा. बाप, आई, समदं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत हुतं. टँकर आला तर आला. मी आईला म्हनलो, आई, मला पवायला शिकायचंय. आईनं हातातला हातोडा खाली ठेवला, माझ्याकडं बगितलं, म्हनली, आरं, मानसाला प्यायला न्हाई आन् तुला पवायला पायजे? तिथं बसलेल्या बाया जे हसल्या. मिलिट्रीत डोस्कं बिघडलंय पोराचं म्हनल्या. माझी नोकरी हाय त्यात, टोपी हाय, आन् जगाला हसायला झालं.

तरी हिंडलो. ह्या गावाची विहीर, त्या गावाची विहीर, समद्या कोरड्या. शेवटी पाटलाच्या विहिरीवर गेलो, तर काय बगतो, आमच्या वस्तीतल्या बाया शिडीनं आत उतरत हुत्या आन् वाटीनं पानी खरडून घागरीत भरत हुत्या. मराठ्यांच्या बाया, आमच्या बाया, एकाच शिडीवर. दिगू काठावर बसला हुता. मला म्हनला, ये दान्या, उतर की, आता कोन अडवतंय? खरंच चांगल्या मनानं म्हनला तो, पर मला असा राग आला बाई. उतरलो. जलमात पहिल्यांदा त्या विहिरीच्या तळाला उभा राहिलो. बूट भिजंल एवढंच पानी. वर आभाळाचं गोल भोक आन् त्यात दिगूचं डोस्कं. म्हनला, कसं वाटतंय? मी म्हनलो, तुमचं पानी कुठंय? त्याला चेष्टा वाटली, हसला.

कोल्हारला माझी भैन रूथ दिली हुती. प्रवरेला भंडारदऱ्याचं पानी सुटलंय असं कळलं, तसाच एस्टीत बसलो. दाजी, म्हंजी रूथचा नवरा, हसरा मानूस. म्हनला, मेव्हने, सरकार तुमाला बंदूक देतंय, पानी न्हाई का देत? तेलाचा रिकामा डबा माझ्या पाठीला बांधला आन् ढकलला पुलाच्या खालच्या डोहात. एवढा मोठा जवान, पाठीला डबा, आन् काठावर बारकी बारकी पोरं टाळ्या वाजवत्यात. तिथंच कोरड्या गावांचे टँकर भरायला लागलेले. एक डायवर वरडला, आरं ए बाबा, तुझे पाय धुतलेलं पानी लोकांना पाजू का? मी भाईर निघालो. टँकर गेला की परत आत. दाजी म्हनायचा, हात असे मार, पानी कापायचं न्हाई, मागं सारायचं. जमायला लागलं. डबा सोडला. दाजीचा हात पोटाखाली, मग तोबी काढला त्यानं, मला कळलंच न्हाई, चार-दोन हात मी आपला मी गेलो. वरडलो मी, दाजी, चाललो, चाललो! आन् दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर डोह निम्मा. वरनं पानी बंद केलं हुतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी गुडघ्याएवढं. मग वाळू. मी त्या वाळूत बसलो आन् कुनावर चिडावं तेच सुचंना. पानी सोडनाऱ्याचं काय चुकलं, त्याला काय म्हाईत, कोल्हारच्या पुलाखाली एक जन टोपीसाठी पवतोय.

परत गेलो. माचानावर चढलो, उडी मारली, वर आलो. वर आलो बाई! हात मारायला लागलो दाजीनं सांगितले तसे. अर्ध्यावर गेलो, दोर दिसत हुता. मग बुटांत पानी भरलं, पाय खाली वढायला लागले, बुटांनिशी पवायचं दाजीनं शिकवलं न्हवतं. बांबू आला. मी पकडीना तो, मी दोराकडंच बगत हुतो. शेवटी उस्तादानंच कपड्यांनिशी उडी मारून मला काढला.

संध्याकाळी त्यानं मला चहा पाजला. म्हनला, इतना अच्छा ऊंट और वापस भेजना पड़ रहा है. सच बता, गाँव में कुआँ नहीं था? आता जायचंच हुतं, काय ठेवायचं मागं. मी म्हनलो, था साब, हमारे लिए नहीं था. त्याला आधी कळलं न्हाई. मग कळलं. एकदम चिडला माझ्यावर, म्हनला, उल्लू, पहले क्यों नहीं बोला? रोज सुबह मैं सिखाता तुझे, यहीं, मैं खुद सिखाता!

पहिल्यांदाच कसं बोलायचं, तुमीच सांगा. सोपं असतं का ते? पन्नास वर्सं झाली, मी अजून त्या तलावाकाठी बसून त्याला उत्तर देतोय, आन् अजून जुळत न्हाई. चूक कुनाची म्हनायची? दिगूची न्हाई, ते पोरगं हुतं. उस्तादाची न्हाई. माझी बी न्हाई. आन् टोपी तर गेली.

पलटनीत परतलो, गाड्या चालवल्या, पेन्शनीला आलो, नगरला राहिलो. पुढं पैठनचं धरन झालं, त्याचा फुगवटा ढोरेतनं उलटा वर आला. गाव उठवून माळावर बसवलं. पाटलाची विहीर, आमची वस्ती, ती बाभळ, समदं एका पान्याखाली. समुद्रावानी पानी बाई, जिथं बूट भिजत न्हवता तिथं व्हड्या चालत्यात. दिगू पाटील बाजारात भेटतो, आता त्याचं बी डोस्कं पांढरं, चहा पाजतो, म्हनतो, दान्या, आता पव की लेका. मला हसू येत न्हाई. गुडघे गेले माझे. वर्साकाठी गावी गेलो की काठावर जातो, हात-तोंड धुतो, येतो.

आता तुमी लिहितायच तर एवढं लिहा पोरांना. तिकडं मोठाले तलाव असतील, शाळेतच असतील, कोनी ना कोनी शिकवत असंल. थंडी वाटती म्हनून काठावर बसू नका म्हनावं. देव तुमचं बरं करो, उतरा म्हनावं पान्यात, आन् येत नसलं तर येत न्हाई म्हनून पहिल्याच दिवशी बोला.