बबनभाऊंनी घासलेला तवा

मंडळी, रामराम. जयभीम.

आधी माफी मागतो. सगळ्यांचं बोलून झालं, सरपंच आभार मानायला उठले, आणि मी आत्ता हात वर करतोय. मघाशी माझं नाव पुकारलं होतं, पण मी बसूनच राहिलो. मी जेमतेम सातवीपर्यंत गेलेला माणूस. माईकची सवय नाही. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आपला बबन गेला. तुम्ही त्याला आबा म्हणायचात, मी बबन म्हणायचो. कामशेतच्या भातगिरणीत मी पोती उचलायचो आणि तो भात घेऊन यायचा. तिथली ओळख. तो मोठ्या जमिनीवाल्या घरातला, मी बौद्धवाड्यातला. पण गिरणीच्या ओट्यावर आम्ही भाकरीची फडकी एकत्र सोडायचो.

बाकीच्यांनी त्याच्या शेतीचं सांगितलं, देवळाच्या कामाचं सांगितलं. मला एका तव्याचं सांगायचं आहे. हसू नका. तव्याचंच.

त्याची नात वैष्णवी ही समोर बसली आहे, आईला टेकून. पोरी, तुझं नाव घेतो, राग मानू नको. हिला लहानपणीच साखरेचा आजार झाला. रोज इन्सुलिनची सुई. पुढं पोट बिघडायला लागलं, खाल्लेलं अंगी लागेना. सोमाटण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, हिला गहू चालत नाही. गव्हात ग्लुटेन म्हणून एक चिकट पदार्थ असतो, तो हिचं आतडं खराब करतो. चपाती बंद. पाव, बिस्किट, रवा, सगळं बंद.

बबनला वाटलं, रोगाचं मूळ सापडलं. मला म्हणाला, "आता गहू सुटला का सुई बी सुटंल बघ." मोबाईलवर कुणीतरी तसंच सांगत होतं. खात्री करायला तो मला घेऊन पुन्हा सोमाटण्याला गेला. ऐकलेलं विसरायला नको म्हणून दोन माणसं.

बाई म्हणाल्या, "आबा, हे दोन आजार पुष्कळदा जोडीनं येतात. पण गहू सोडला म्हणून साखर जात नाही. गहू सोडायचा तो आतड्यासाठी. इन्सुलिन मात्र थांबवायचं नाही. एक दिवससुद्धा नाही."

बबननं विचारलं, "मंग गव्हानंच साखर झाली आसंल का वो?"

"त्याचा शोध चालू आहे. ठामपणे अजून कुणालाच सांगता येत नाही."

परत येताना वडगावला बबन म्हणाला, "मी बी गहू सोडतो. पोरीचं ताट एकटं नको." आणि सोडला. त्याची स्वतःची साखर म्हातारपणी आलेली, तिच्या गोळ्या मात्र तो घेत राहिला.

मग बुद्धपौर्णिमा आली. आमच्याकडं खीरपुरी. तो नातीला घेऊन आला. वाढणाऱ्यानं दोघांच्याही पुऱ्या थेट खिरीत टाकल्या. बबननं नातीचं ताट सरकवलं, आपलंही सरकवलं, आणि उठला. सगळ्या वाड्यानं पाहिलं. आमच्या लोकांना ताट सरकवण्याचा एकच अर्थ ठाऊक आहे, मंडळी. तो पिढ्यांनी शिकवलेला आहे.

माझी बायको आत म्हणाली, "बघा, इतक्या वर्सांनी निघालंच पोटातलं."

मी म्हणालो, "अगं, त्यानं गहू सोडलाय."

"मग खीर तांदळाची व्हती की! ती का न्हाई खाल्ली?"

मला रात्रभर झोप लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबन आणि नात पुन्हा दारात. बायको म्हणाली, "या भाऊ. आज पाणी तरी घेणार का?"

बबन म्हणाला, "काल पुरी खिरीत बुडली व्हती, वहिनी. चारचौघांत तोंड उघडलं न्हाई, चुकलं माझं. आता तांदळाची भाकरी थापा. खाल्ल्याबिगार आमी उठत न्हाई."

तिनं तवा चुलीवर ठेवला. कडेला चपातीचं पीठ करपून बसलं होतं. बबनचं लक्ष तिथं गेलं. तवा घासून घ्या, एवढंच म्हणायचं होतं. पण त्याच्या घरातल्या माणसानं आमच्या घरात ते म्हणायचं? भांडी घासून घ्या, हे आमच्या वाडवडिलांनी किती ऐकलंय! त्याला ते ठाऊक होतं. तो उठला, तवा उचलला आणि बाहेर नळावर जाऊन बसला. राख घेतली, काथ्या घेतला आणि घासायला लागला. धोतर भिजलं. आळी बघत उभी.

बायको धावली. "अवो भाऊ, ठिवा तो तवा! लोक काय म्हणत्याल?"

"म्हणू द्या. गव्हाचं पीठ चिकटलंय, वहिनी, त्ये पोरीला बाधतं. तुमच्या घराचं कायबी चिकटलेलं न्हाई."

बायको आत गेली. डब्यातलं पीठ गिरणीत गव्हावर दळलेलं असणार, म्हणून तिनं खाटेखालचं जुनं जातं ओढलं आणि तांदूळ घेऊन बसली. त्या दिवशी जेवायला दुपार झाली. आजी, तुझ्या तोंडात दात किती, असं विचारून या पोरीनं तिला हसवलं.

तेव्हापासून बबन कुणाच्याही दारात गेला की आधी बोलायचा. "पोरीला गहू चालत न्हाई, राग मानू नका." कुणापुढं मान न वाकवणारा माणूस तो. लग्नात बोलला, बारशात बोलला, आचाऱ्याला हात जोडले.

आता कोण बोलणार? मला हीच काळजी लागली आहे. छातीत कळ आली आणि तो गेला. सुतकात घरची चूल बंद. तुम्ही मायेनं कडू घासाचे डबे आणले, त्यात चपात्या. कडू घास नाकारू नये म्हणून पोरीनं दोन घास खाल्ले. रात्रभर उलट्या. साखर पार खाली गेली. तिच्या आईची दशा मी पाहिली आहे.

त्याच घरात मी कुजबुजही ऐकली. एक म्हणे, गहू सोडला म्हणून आबा खचला. दुसरी तिच्या आईला सांगत होती, एवढा गहू सोडलाय, आता सुई कमी करा. माय-बापांनो, हात जोडतो. दोन्ही खोटं आहे. सुईचं तर मी डॉक्टरीणबाईंच्या समोर बसून ऐकलंय. गहू वेगळा, सुई वेगळी. सुई थांबली तर पोरगी जाईल. कडू घास जरूर द्या. पण आपण मावळातली माणसं ना? आपल्या घरात तांदळाला तोटा आहे का?

आता बबनसाठी आपण सगळे गप्प उभे राहू. त्याआधी पोरीला दोन शब्द सांगू द्या.

वैष्णवी, तू शिकायला पुण्याला चाललीस. तिथं तुझा आबा नाही, मीही नाही. लाजू नको. ताट पुढं आलं की तूच आधी बोल. सुई चुकवू नको. आणि तो तवा आमच्या भिंतीला वेगळा टांगलेला आहे. त्यावर अजून चपाती पडलेली नाही. पण तुझी आमच्या घरची आजी थकली, आता जातं हळू फिरतं. अचानक आलीस तर पीठ नसेल, आणि उपाशी परत पाठवायला आम्हाला जमायचं नाही. म्हणून यायच्या आधी निरोप धाड. लवकर धाड, पोरी.

मंडळी, उभे राहा.